आदिल, येदिल, एदल

तेलंगणातल्या आदिलाबादच्या नावाची फोड दोन प्रकारे केली जाते. एकीत बैल आहेत, दुसरीत राजा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं पांढरकवडा मागे टाकून महामार्गाने दक्षिणेला निघालं की पैनगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की राज्य बदलतं, भाषा मात्र लगेच बदलत नाही. बेला, जैनथ, तामसी या भागांत घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि दोन्हींत मिसळलेली दखनी उर्दू असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शेजारच्या गुड्यांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, गोंडी आणि कोलामी बोलली जाते. जमीन काळी, पीक कापसाचं, म्हणून बैलांवाचून शेतकऱ्याचं पान हलत नसे. तेलुगूत बैलाला ‘एद्दु’ म्हणतात. एकाहून जास्त बैल झाले की ‘एड्लु’. बैलगाडी म्हणजे ‘एड्ल बंडी’, आणि यातला ‘बंडी’ हा शब्द तर वऱ्हाड-विदर्भातल्या मराठी शेतकऱ्यालाही परका नाही. गावाचं जुनं नाव एदलाबाद, एदलापुरम. तेलुगू कानाला त्यात बैलांचं गाव ऐकू आलं तर नवल नाही.

सरकारी माहिती वेगळं सांगते. तिच्यानुसार हे नाव विजापूरच्या आदिलशहावरून पडलं: आदिल अधिक आबाद, म्हणजे आदिलने वसवलेलं, भरभराटीला आलेलं गाव. ‘आदिल’ हे आजही तुर्कस्तानात मुलांना ठेवलं जाणारं नाव आहे, आणि विजापूरचं घराणंही आपलं मूळ तुर्कस्तानातच सांगत असे. पैनगंगेकाठचं एक कापूसगाव या नावाच्या धाग्याने थेट इस्तंबूलच्या राजवाड्याशी जोडलं जातं. धागा कुठे कुठे तुटका आहे, कुठे त्याला गाठी मारलेल्या आहेत, पण तो ओढून पाहण्यासारखा आहे.

आदिल हा शब्द मुळात अरबी. ‘अदल’ म्हणजे न्याय, आणि न्यायाने वागणारा तो आदिल. मराठीतली ‘अदालत’ याच कुळातली. पण या कुळात आणखी एक शब्द आहे आणि तो जास्त बोलका आहे: ‘इद्ल’. वाळवंटात उंटावर माल लादताना पाठीच्या दोन्ही अंगांना एकेक बोजा सोडत. त्यातला एक बोजा, वजनाने दुसऱ्याला तोडीस तोड असलेला, तो इद्ल. न्यायाची कल्पना या धातूत अशी एका जनावराच्या पाठीवर तोललेली आहे. डावीकडे जास्त भरलं तर ओझं त्या अंगाला सरकतं, दोर काचतो, पाठ सोलवटते आणि जनावर वाटेतच बसतं. दोन्हीकडे सारखं भरलं तर तेच जनावर कोसच्या कोस चालतं.

ही गोष्ट आदिलाबादच्या माणसाला समजावून सांगावी लागली नसती. याच मुलखातून बंजाऱ्यांचे, म्हणजे लमाणांचे तांडे हजारो बैलांवर धान्य आणि मीठ लादून ये-जा करत. चाकाची वाट नसलेल्या रानात माल बैलाच्या पाठीवरूनच जायचा. गोणी पाठीवर आडवी टाकायची, अर्धी या बाजूला, अर्धी त्या बाजूला. लादणारा आधी हाताने दोन्ही टोकं उचलून अंदाज घेई. ज्याला हा अंदाज नाही त्याचा बैल दुसऱ्या मुक्कामाला लंगडा. म्हणजे बैलाचा अर्थ आणि न्यायी राजाचा अर्थ हे एकमेकांपासून वाटतात तितके दूर नाहीत. भाषेच्या दृष्टीने एड्लु आणि आदिल यांचं काही नातं नाही, हे खरं. पण दोन्ही शब्द एकाच दृश्यात उभे राहतात, आणि ते दृश्य पाठीवर दोन्ही बाजूंनी सारखं ओझं असलेल्या जनावराचं आहे.

तुर्कांकडे हे नाव आलं ते इस्लामबरोबर. त्याआधीची त्यांची नावं गवताळ पठारावरची, धातूची आणि श्वापदांची होती. अर्सलान म्हणजे सिंह, देमिर म्हणजे लोखंड, किलिच म्हणजे तलवार. यातलं शेवटचं नाव हैदराबादच्या इतिहासात ठसठशीतपणे बसलेलं आहे. पहिला निजाम मीर कमरुद्दीन याला औरंगजेबाने ‘चिन किलिचखान’ हा किताब दिला होता, तो याच तलवारीचा. त्याच्याही आधी गोवळकोंड्याचं राज्य उभं करणारा सुलतान कुली हा तुर्कमान. ‘कुल’ म्हणजे तुर्कीत दास, सेवक. ‘कुली’ म्हणजे अमक्याचा दास. मराठीतल्या रामदासासारख्या घडणीचंच ते नाव. 1591 मध्ये हैदराबाद वसवणाऱ्या महंमद कुली कुतुबशहाच्या नावात तोच कुली आहे.

मूल जगावं म्हणून ठेवलेली नावं हा तर तुर्की आणि मराठी घरांतला सख्खा दुवा आहे. ज्या घरात मुलं दगावत, तिथे महाराष्ट्रात मुलाला धोंडू, दगडू, भिकू, केरू म्हणत. दृष्ट लागू नये, यमाला वाटावं की हे उचलून नेण्याजोगं नाही. अनातोलियाच्या खेड्यात अशा मुलाचं नाव ‘दुरसुन’. अर्थ: हा थांबो, हा राहो. किंवा ‘याशार’, म्हणजे हा जगतो. किंवा ‘सातिल्मिश’, विकलेला, म्हणजे एखाद्या पिराच्या दर्ग्याला नवसाने वाहिलेला. मुलींच्या बाबतीत दुखरी बाजूही तशीच सारखी. चौथी-पाचवी मुलगी झाली की तुर्की घरात तिला ‘येतेर’ म्हणत, म्हणजे आता पुरे. सातारा जिल्ह्यात अशाच मुलींना ‘नकुसा’ म्हटलं जाई. 2011 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एका समारंभात 285 नकुसांना नवी नावं मिळाली. आपलं नाव स्वतः निवडण्याची संधी मिळालेल्या त्या मुलींचे चेहरे ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिले असतील, त्यांना नावाचं वजन वेगळं समजावून द्यायला नको.

आदिल या नावाला असलं भय चिकटलेलं नाही. हे नाव आईबाप उमेदीने ठेवतात. ते ठेवण्याची रीतही मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. तुर्की घरात बाळाला हातात घेऊन घरातला वडीलधारा किंवा इमाम त्याच्या उजव्या कानात अजान म्हणतो, डाव्या कानात नमाजाला उभं राहण्याची हाक, आणि मग नाव तीनदा सांगतो. मराठी बारशाला आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि ‘कुर्रर्र’ करते. बाकी सगळे पाठीत धपके घालायला तयार. एकीकडे गांभीर्य, दुसरीकडे हशा, पण दोन्हीकडे नाव आधी त्याच्या मालकाच्या कानात जातं आणि मगच जगाला कळतं.

तुर्की जिभेवर आल्यावर अरबी नावांचं रूप पालटतं. महंमदचा ‘मेहमेत’ होतो, अहमदचा ‘आहमेत’. शब्दाच्या शेवटी द आला की तुर्की माणूस तो त करून टाकतो. आदिलच्या शेवटी ल आहे, म्हणून तो तेवढ्यापुरता वाचला. त्याच्या आरंभीचा घशातून येणारा अरबी ‘ऐन’ मात्र तुर्कीत गळाला, जसा तो मराठीतही गळाला. राहिला साधा ‘आ’. उर्दूत आदिलाबाद लिहायचं तर आजही पहिलं अक्षर ऐनच लागतं, पण ते कागदावरच उरलं आहे.

पुढची गंमत तुर्की लिपीची आहे. तुर्की भाषेत स्वरांची एक शिस्त असते. अस्सल तुर्की शब्दात जिभेच्या मागच्या बाजूने निघणारे स्वर एका पंगतीला बसतात, पुढच्या बाजूचे दुसऱ्या. आ आणि इ एकत्र आले की शब्द पाहुणा आहे हे तुर्की कानाला कळतं. आदिल असाच पाहुणा. 1 नोव्हेंबर 1928 ला तुर्कस्तानाने कायदा करून अरबी लिपी सोडली आणि रोमन अक्षरं घेतली. तेव्हा या दोन प्रकारच्या इकारांसाठी दोन अक्षरं ठरली, एक टिंबाचं आणि एक बिनटिंबाचं. टिंब देऊन लिहिलं तर आदिल म्हणजे न्यायी. टिंब विसरलं तर शब्द होतो ‘आदिल’च, पण त्यातला इ जीभ मागे ओढून काढलेला, आणि अर्थ ‘सर्वनाम’. तुर्कीत ‘आद’ म्हणजे नाव, त्यावरून व्याकरणासाठी घडवलेला हा शब्द. एका टिंबाच्या फरकाने न्यायी माणूस नावाऐवजी येणारा शब्द होऊन बसतो.

1934 साली आणखी एक कायदा आला आणि प्रत्येक तुर्की कुटुंबाला आडनाव घेणं सक्तीचं झालं. तोवर बहुतेकांना ते नव्हतंच. लोकांनी आपापल्या मनाने आडनावं निवडली, आणि त्यातून एकेका माणसाच्या नावात दोन-तीन संस्कृती शेजारी शेजारी नांदू लागल्या. त्याचा एक सुंदर नमुना कुस्तीच्या आखाड्यात सापडतो. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या मिडलवेट गटात रौप्यपदक मिळवणाऱ्या तुर्की मल्लाचं नाव होतं आदिल जानदेमिर. आदिल अरबी. जान फारसी, मराठीत जिवाला म्हणतात तीच जान. देमिर तुर्की, म्हणजे लोखंड. न्यायी, लोखंडी जिवाचा! पैलवानाला यापेक्षा शोभेलसं नाव घरच्यांना सुचलं नसतं. त्याच स्पर्धेत वेल्टरवेटचं सुवर्ण जिंकणारा याशार दोऊ हाही तुर्की, आणि त्याचं नाव वर सांगितलेल्या ‘जगतो’ या अर्थाचं. लंडनच्या त्याच गाद्यांवर कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव फ्लायवेटमध्ये लढत होते. मातीत तयार झालेला हा मल्ल गादीवरच्या त्या पहिल्या मोठ्या अनुभवात सहावा आला, आणि चार वर्षांनी हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतला. खाशाबा, याशार, आदिल. मराठी कुस्तीप्रेमींनी ही तिन्ही नावं एका दमात घ्यावीत अशी आहेत.

बाईचं नाव होताना आदिलचं ‘आदिले’ होतं. आदिले नाशित ही तुर्की रंगभूमीवरची आणि चित्रपटांतली अभिनेत्री 1930 मध्ये जन्मली आणि 1987 मध्ये गेली. खळखळून हसणारी, सगळ्या वर्गाची आई शोभावी अशी तिची भूमिका तिथे आजही लोकांच्या मनात आहे. आदिले म्हटलं की तुर्की माणसाला न्यायासन आठवत नाही, तिचं हसू आठवतं. नावाचा स्वभाव कोशात लिहिलेला असतो त्यापेक्षा असा माणसांमुळे जास्त घडतो.

मग आदिल नावाचा माणूस न्यायी असतो का? नावावरून स्वभाव सांगणारे सगळीकडे भेटतात. आदिल नावाचा मुलगा शांत, विचारी, भांडण मिटवणारा, असं ते सांगतात. याला पुरावा काही नाही, आणि इतिहासाने तर उलटाच दाखला देऊन ठेवला आहे. 1554 मध्ये दिल्लीच्या सूर घराण्याच्या गादीवर बारा वर्षांचा फिरोज बसला होता. त्याच्या सख्ख्या मामाने त्याचा खून केला, स्वतः गादीवर बसला आणि स्वतःला किताब घेतला ‘आदिलशहा’. कंसमामाने स्वतःला न्यायी म्हणवून घ्यावं तसंच हे. लोकांनी तो किताब जसाच्या तसा उच्चारला नाही. आधी त्याचं ‘अदली’ केलं आणि मग ‘अंधली’, म्हणजे आंधळा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण मराठीची, पण दिल्लीकरांनी ती एका शब्दात उरकली.

त्याउलट या नावामागचा आदर्श काय होता, ते अकराव्या शतकातल्या एका ग्रंथातून कळतं. सेल्जुक तुर्कांचा वजीर निजामुल्मुल्क याने राज्यकारभारावर ‘सियासतनामा’ लिहिला. पुढे हैदराबादच्या राजांनी जो किताब मिरवला, तो मुळात या वजिराच्या नावाने गाजलेला. त्यात इराणचा बादशहा नौशेरवान, ज्याला परंपरा ‘आदिल’ म्हणते, त्याची एक गोष्ट आहे. त्याने राजवाड्याबाहेर घंटांची साखळी टांगली होती. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ती ओढावी. एका दुपारी घंटा वाजली, शिपाई धावत बाहेर आले, पाहतात तर खरजेने हैराण झालेलं एक म्हातारं गाढव साखळीला अंग घासत होतं. ते ज्याचं होतं त्याने आयुष्यभर त्याच्यावर ओझी वाहून घेतली आणि म्हातारपणी त्याला हाकलून दिलं होतं. नौशेरवानने मालकाला बोलावून घेतलं आणि गाढव जिवंत असेतो त्याला दाणावैरण घालायला लावलं. न्यायी राजाची ही गोष्ट पुन्हा ओझ्याच्याच जनावरापाशी येते, हे ध्यानात घेण्यासारखं आहे.

ऑटोमन सुलतानांनी हा आदर्श उचलला. दुसरा बायझिद आणि पुढे दुसरा महमूद हे दोघेही कविता करताना ‘अदली’ हे टोपणनाव घेत. अंमलदार रयतेला लुबाडत असल्याच्या तक्रारी वाढल्या की सुलतान ‘अदालेतनामे’ काढत. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात ‘न्यायाचा मनोरा’ अजून उभा आहे. खाली वजिरांची बैठक भरे, वर जाळीआड सुलतान बसला आहे की नाही ते खालच्यांना कळत नसे. न्याय करणाऱ्याला आपण पाहिले जात आहोत ही धास्ती असली पाहिजे, हा त्यामागचा हिशेब.

आता विजापूर. 1490 च्या सुमारास बहामनी राज्य फुटलं तेव्हा विजापूरला स्वतंत्र झालेला सरदार यूसुफ आदिलखान. त्याचं नाव यूसुफ. आदिलखान हा दरबारचा किताब. सुमारे सव्वाशे वर्षांनी विजापूरच्याच दरबारात बसून फरिश्ता या इतिहासकाराने त्याची जन्मकथा लिहिली. ती अशी: यूसुफ हा ऑटोमन सुलतान दुसऱ्या मुरादचा मुलगा. 1451 मध्ये मुराद वारला आणि थोरल्या महंमदने गादीवर येताच धाकट्या भावाचा काटा काढायचं ठरवलं. आईने त्याच वयाचं दुसरं मूल पुढे केलं आणि यूसुफला इराणातल्या सावा गावच्या व्यापाऱ्याच्या हाती दिलं. मोठा झाल्यावर तो जहाजाने कोकणात दाभोळ बंदरात उतरला, बिदरला विकला गेला आणि बहामनींचा वजीर महमूद गावान याच्या आश्रयाने वर चढला. सावा गावावरून त्याला ‘सवाई’ म्हणत. पोर्तुगीज कागदांतला ‘साबायो’ तो हाच.

कथा देखणी आहे. ती लिहिणारा मात्र त्याच घराण्याचा नोकर होता, आणि अदलाबदल होऊन वाचलेला राजपुत्र जगभरच्या दंतकथांत भेटतो. त्यामुळे बहुतेक इतिहासकार तिच्यावर भरवसा ठेवत नाहीत. तुर्कस्तानाशी दख्खनचा संबंध होता यात मात्र शंका नाही. विजापूरच्या बुरुजावरची मुलुखमैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतणाऱ्या कारागिराचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे: महंमद बिन हसन रूमी. रूम म्हणजे तेव्हाचा तुर्कस्तान. ‘तोफ’ हा शब्दही तुर्कीच.

यूसुफने लग्न केलं ते मुकुंदराव नावाच्या मराठा सरदाराच्या बहिणीशी. तिचाच मुलगा इस्माईल पुढे सुलतान झाला. म्हणजे दुसऱ्या आदिलशहाच्या कानावर पहिले बोल मराठी पडले असण्याचा संभव मोठा. त्याचा मुलगा पहिला इब्राहिम याने राज्याचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषांत, ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. हे घराणं मराठीच्या इतकं निकट आलं की मराठीने त्याचं नावही आपल्या पद्धतीने म्हणायला सुरुवात केली. जुन्या कागदांत आदिलशहा क्वचित दिसतो. दिसतो तो ‘येदिलशहा’, ‘इदलशहा’. कवींद्र परमानंदाने संस्कृतात ‘शिवभारत’ लिहिलं तेव्हा त्यानेही ‘येदिल’च घेतला. मोडीत ‘एक’ ला ‘येक’ लिहिणाऱ्या हाताने ‘एदिल’ ला ‘येदिल’ लिहिणं साहजिक होतं. शिवाजीमहाराजांच्या काळात रयतेच्या तोंडी विजापूरचा राजा असाच होता.

हे रूप केवळ मराठी लेखणीचं नव्हतं, याचा साक्षीदार गोव्यात आहे. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि आदिलखानाला ते ‘इदालकाँव’ म्हणू लागले. त्यांनी हे नाव ऐकलं असणार ते पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांकडून, आणि त्यात आरंभी आ नाही, इ आहे. पणजीला मांडवीच्या काठी उभा असलेला ‘इदालकाँव’चा वाडा हे त्या उच्चाराचं घर. यूसुफने उन्हाळ्यासाठी बांधलेला हा वाडा पुढे 1759 पासून पोर्तुगीज व्हाइसरॉयचं निवासस्थान झाला आणि मुक्तीनंतर गोव्याचं सचिवालय. पणजीत फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाणारी माणसं रोज त्याच्यावरून जातात.

आता पुन्हा एदलाबादकडे. बैलांचा अर्थ खरा की राजाचा, या वादात एक गाव पंच होऊ शकतं आणि ते जळगाव जिल्ह्यात आहे. संत मुक्ताबाईंच्या नावाने आज ओळखलं जाणारं मुक्ताईनगर पूर्वी एदलाबादच होतं. तापीकाठी तेलुगू बैलांचा संबंध येण्याचं कारण नाही. खानदेशच्या फारुकी घराण्यात मात्र आदिलखान नावाचे एकाहून जास्त सुलतान झाले, त्यातल्या दुसऱ्याने 1457 ते 1501 असा दीर्घ काळ राज्य केलं. आदिलचं एदल व्हायला तेलुगूची मदत लागत नाही, मराठी तोंड पुरेसं होतं, हे त्या गावावरून दिसतं. म्हणून पारडं राजाकडे झुकतं. विजापूर आदिलाबादपासून फार दूर आहे आणि या मुलखावर सत्ता बराच काळ गोवळकोंड्याची आणि चांद्याच्या गोंड राजांची होती, हा आक्षेप उरतोच, आणि तो हलका नाही. शिवाय दिल्लीत तुघलकाबादेशेजारी महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात बांधलेला ‘आदिलाबाद’ किल्लाही आहे. न्यायी म्हणवून घ्यायची हौस एका घराण्याची नव्हती.

आदिलाबादच्या मातीत या नावाचा अर्थ कुणी खरा मागितला असेल तर तो गोंडांनी. जंगल राखीव झालं, पिढ्यांची शेतं कागदावर दुसऱ्यांची झाली, तेव्हा कुमरम भीम निजामाच्या अंमलदारांविरुद्ध उभा राहिला आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं गेलं. तो मार्लवाईत राहिला, गोंडी मुलांसाठी शिक्षक तयार केले, जमिनीचे पट्टे मिळवून दिले. दुखणं तेवढ्याने संपलं नाही. 20 एप्रिल 1981 ला इंद्रवेल्लीत जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. तिथला लाल स्तंभ त्या दिवसाची आठवण धरून आहे. 11 ऑक्टोबर 2016 ला जुन्या जिल्ह्याचे चार भाग झाले. जोडेघाट आणि मार्लवाई भीमच्या नावाच्या जिल्ह्यात गेले, इंद्रवेल्ली आदिलच्या नावाच्या जिल्ह्यात राहिली.

श्रावण संपता संपता या जिल्ह्यात पोळा येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना कोमट पाण्याने शेकतात, मग लोणी-हळद चोळतात. घरधनी स्वतः चोळतो, हे काम गड्यावर सोपवत नाहीत. दोन्ही खांदे सारखे चोळायचे. मग त्याच्या कानाशी वाकून निमंत्रण द्यायचं: आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.